सुटले

कार्ड आपोआप उचललं गेलं. आधी त्याच्याखाली बारीक सावली आली, पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचा कागद जरासा उठला की येते तशी. मग ते किंचित तिरपं झालं आणि कुणीतरी चिमटीत धरून न्यावं तसं उजवीकडे सरकत गेलं. शेवटच्या रकान्यापाशी घुटमळलं, आणि तिथे टेकलं. टेकल्यावर त्याचा निळा रंग आकाशी झाला, आकाशी होता तो धुरकट झाला, आणि त्यावरचं कमलाकर पांढरीपांडे हे नाव, वय, पलंग, सगळं पातळ होत होत पांढऱ्यात मिसळून गेलं. एवढ्यावरही ते थांबलं नाही. पडद्याच्या वरच्या कडेतून झेंडूच्या पाकळ्या पडायला लागल्या. लहान, केशरी, गिरक्या घेत येणाऱ्या. त्या तळाशी जराशा साचल्यासारख्या झाल्या आणि विरून गेल्या. मागे उरला रकान्याच्या डोक्यावरचा शब्द. फोनच्या लहानशा पडद्यावर तो रकाना एरवी कडेला अर्धा दडलेला असायचा, त्यामुळे रजनीने तो शब्द आत्ता पहिल्यांदा पूर्ण वाचला. सुटले.

लसणाची अर्धी सोललेली पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. कुलरची घरघर चालू होती आणि वाळ्याचा ओला वास स्वयंपाकघरापर्यंत येत होता. काहीही बदललं नव्हतं, आणि हेच तिला कसंतरी वाटलं. निदान कुलरने तरी थांबायला हवं होतं. दोन रात्री तिने दवाखान्यातल्या लोखंडी बाकड्यावर काढल्या होत्या. सकाळी कमलाकरला यंत्रांच्या खोलीतून साध्या वॉर्डात आणलं तेव्हा शाल्मलीने, म्हणजे नातीनेच, तिला बळेच घरी पाठवलं होतं. "आजी, तुझे पाय बघ कसे सुजलेत. घरी जा, आंघोळ कर, झोप. मी आहे ना इथे. आणि आजोबा कुठे आहेत ते तुला फोनवरच दिसेल." दिसेल म्हणजे काय ते रजनीला ठाऊक होतं. त्या दवाखान्यासाठी फोनवरचं ते पान शाल्मलीनेच केलं होतं. पुण्याच्या कंपनीचं काम ती वर्षभर इथूनच, यवतमाळच्या या घरातल्या जेवणाच्या टेबलावरून करायची आणि उरलेल्या वेळात हे. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड. सिस्टरने तिकडे बोटाने कार्ड ओढून एका रकान्यातून दुसऱ्यात सोडलं की इकडे घरच्यांनाही ते तसंच सरकताना दिसायचं. रजनीने एकदा विचारलं होतं, "अगं पण एवढी सावली, एवढं तिरपं होणं कशाला? इकडून पुसलं आन तिकडे लिहिलं, झालं की." तेव्हा शाल्मली खूप मोठ्या माणसासारखी म्हणाली होती, "नाही आजी. एखादी गोष्ट इथून नाहीशी होऊन तिथे उगवली तर माणूस गोंधळतो. डोळ्याला वाट दिसली पाहिजे."

वाट दिसली होती. रजनीने ती शेवटपर्यंत पाहिली होती.

सुटले म्हणजे सुटी झाली, तिने स्वतःला सांगितलं. दवाखान्यातून घरी सोडलं. दुसरं काय असणार? महिन्यापूर्वी शाल्मलीने इथेच, ओट्याला टेकून विचारलं होतं, रोग्याला घरी पाठवतात त्याला आपल्याकडे काय म्हणतात. वरणाला फोडणी देता देता रजनी म्हणाली होती, सुटी झाली म्हणतात. "पण मला क्रियापद पाहिजे गं. बाकीचे रकाने बघ ना, आले, तपासले, हलवले." "मग तुझं तू बघ," असं म्हणून रजनीने कढईवर झाकण ठेवलं होतं. पोरीने तिचं तिने बघितलं होतं. सुटीवरून सुटले. पोरगी पुण्यात वाढलेली, शाळा इंग्रजी. मराठी बोलते ती स्वच्छ, पण कपाटातून नुकत्याच काढलेल्या नव्या भांड्यासारखी. तिला शब्द ठाऊक असतात, त्या शब्दात कोण कोण मेलंय ते ठाऊक नसतं. आणि फुलंही तिचीच. कुणी बरं होऊन घरी चाललं की फुलं पडावीत, घरच्यांना आनंद व्हावा. म्हणजे सुटीच. पण रजनीचं मन इथपर्यंत आलं आणि अडलं, कारण सकाळी डॉक्टर कमलाकरच्या पाठीला नळी लावून ऐकत म्हणाले होते, फुफ्फुसातलं पाणी पुरतं गेलेलं नाही, अजून आठवडाभर तरी घरी जायचं नाव काढू नका. आठवडाभर. मग आज दुपारी कोण सोडेल घरी? घरी सोडणं शक्यच नव्हतं. आणि ते शक्य नसेल तर त्या शब्दात दुसरं एकच काहीतरी उरत होतं.

तिने शाल्मलीला फोन लावायला घेतला. बोटांना लसणाचा चीक लागलेला, पडदा बोट ओळखेना. तिने पदराला बोट पुसलं, पुन्हा दाबलं. तिकडे घंटी वाजत राहिली आणि वाजता वाजता बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दवाखान्याच्या नंबरावर आधी बासरी वाजली, मग एक बाई गोड आवाजात म्हणाली की आपण रांगेत आहात. अभिषेक, तिचा मुलगा, पुण्याहून निघालेल्या बसमध्ये होता. त्याला लावावा असं एकदा वाटलं आणि तिने हात आखडला. त्याला काय सांगायचं? की फोनवर एक शब्द दिसला? बासरी पुन्हा सुरू झाली. रजनी फोन कानाला लावून उभी राहिली, आणि या उभं राहण्याचीच तिला लाज वाटली. लग्नाआधी आणि नंतरचीही काही वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, आधी पुसदला, मग इथे. समोर भोकांचा बोर्ड. कुणी फोन उचलला की त्या नंबरची झाकणी खट्कन पडायची. वायरची कॉर्ड उचलायची, भोकात खोचायची, बोलायचं. कॉर्डचं टोक पितळेचं, हाताच्या उबेने गरम झालेलं. ज्याला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याला तिथे नेऊन सोडायचं, एवढंच काम, पण सगळा तालुका तिच्या मनगटातून जायचा. आणि आज कमलाकर या गावातच, रिक्षाने पोचावं इतक्या अंतरावर होता, आणि तिच्यासमोर बासरी वाजत होती.

एक्सचेंजमध्येच तिने तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकला होता. राजूरच्या कोळसा खाणीच्या ऑफिसातून पुसदला ट्रंक कॉल होता. तेलात काहीतरी तळत असल्यासारखी लाइन चरचरत होती. राजूरचा माणूस ओरडत होता, "दादा सुटले, दादा सुटले." पुसदचा म्हातारा खूश झाला. "सुटले? मंग गाडी कितीची पकडून राह्यले? स्टँडावर कोनाले धाडू?" तिकडचा पुन्हा तेच ओरडला. म्हातारा पुन्हा गाडीचंच विचारायला लागला. आणखी एकदा तसंच झालं. लाइन खराब असली की ऑपरेटरने मध्ये पडून निरोप सांगायचा असा रिवाज होता. रजनी तेव्हा विशीतली. ती मध्ये पडली आणि आपल्या त्या स्वच्छ, शिकवून तयार केलेल्या आवाजात म्हणाली, "काका, ते वारले म्हणतात." नंतर दोन्ही बाजूंनी काहीच आलं नाही. फोन कुणीच ठेवला नाही. चरचर तेवढी राहिली, आणि रजनीलाही कॉर्ड ओढवेना. त्या म्हाताऱ्याने सुटलेचा अर्थ घरी येणं असाच लावला होता, आणि किती आनंदाने. आपणही तेच करतोय का? मघापासून सुटी, सुटी असं घोकत आपणही स्टँडावर कुणाला पाठवायचं तेच विचारतोय का?

अंगणातल्या तारेवर कमलाकरचं बनियन वाळत होतं. सकाळी आल्या आल्या तिने ते धुऊन टाकलं होतं. आता ते कडकडीत वाळलं होतं, उन्हात पांढरंफटक दिसत होतं. आत आणावं का? आणून घडी घालायची, म्हणजे उद्या घालायला. की तसंच राहू द्यावं? ती दारात उभी राहिली. घरात कुणी गेलं की त्याचे कपडे कुणी तारेवरून काढतं का, आणि काढले तर कुठे ठेवतात, हे आयुष्यात इतकी मरणं पाहूनही तिला आठवेना. हसू येण्यासारखी गोष्ट होती. सासूबाई गेल्या तेव्हा लोक दारात चपला काढत म्हणत होते, सुटल्या बिचाऱ्या. कॅन्सरने खंगलेल्या पुसदच्या आत्याचंही तसंच. सुटल्या. मरणाऱ्याला कुणीतरी धरून ठेवलं होतं आणि आता हात उघडले, असा तो शब्द. जगणं म्हणजे धरून ठेवणं. कुणी धरलेलं असतं, ते कधी कुणी म्हणत नाही.

तपासून बघायला, ज्याला काही येत नाही असं माणूस हवं, म्हणून शाल्मलीने महिनाभरापूर्वी तिलाच टेबलाशी बसवलं होतं. "उचल. ओढ. आता सोड." रजनीला उचलता यायचं, ओढताही यायचं, सोडायला मात्र जमायचं नाही. बोट माउसवर घट्ट दाबलेलं राहायचं आणि कार्ड सगळ्या पानभर तिच्या मागे मागे फिरायचं. "अगं आजी, सोड ना. सोडलं की ते जाऊन बसतं." "सोडलं तर पडणार नाही ना?" शाल्मली हसून हसून टेबलावर कोसळली होती. कमलाकर पलीकडे आरामखुर्चीत पेपर वाचत होता. पेपराआडून म्हणाला, "तिले सोडणं जमत नाही. एक नोकरी तेवढी चट सोडली तिनं." तिघंही हसली होती. रजनीही.

रजनी परत टेबलाशी आली. पान तसंच होतं, रिकामं, डोक्यावर शब्द घेऊन. आपण ते नीट वाचलं ना, असं वाटून तिने ते मोठ्याने वाचलं. घरात कुणी नव्हतं. कुलरच्या घरघरीवरून तिचा आवाज निघाला, तो जुना, बोर्डासमोरचा, अक्षर न् अक्षर मोकळं करणारा.

"सुटले."

आणि ते कमलाकरबद्दल ऐकू आलं नाही. एकट्या घरात, बाईच्या तोंडून, बाईच्या आवाजात ते जसं ऐकू यावं तसंच आलं. मी सुटले. मराठीत हे असंच आहे. नवऱ्याला आदराने म्हटलं तरी सुटले, आणि बाई स्वतःबद्दल बोलली तरी सुटले. कागदावर दोन्ही एकच. आवाज मात्र एकच नसतो. हा आवाज हलका होता. शाळेतून पळत आलेल्या मुलीने दप्तर फेकून म्हणावं तसा. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. लसणाचा उग्र वास नाकात गेला. कुणी ऐकलं का, असं तिने वळून पाहिलं, आणि वळून पाहिल्यामुळे तिला आणखीच भीती वाटली, कारण जे सहज निघालं त्याच्यासाठी कुणी वळून पाहत नाही.

नाही, तसं नव्हतं. तसं काही नव्हतंच. कमलाकर वाईट माणूस नव्हता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, कामाला चोख. फिरतीवर झरी जामणीकडे गेला की पळसाच्या पानांच्या पुडीत तिच्यासाठी चारोळी आणायचा. स्वतः दगडाने फोडून तिच्या तळहातावर ठेवायचा. तिच्यावर त्याने कधी हात उगारला नाही, पिणं नाही, काही नाही. फक्त तो असायचा. सगळीकडे असायचा. ती गच्चीवर गेली की खालून आवाज, "कुठं गेली?" ती शेजारच्या जैबुनबींकडे गेली की दारात उभा, "इतका वेळ काय बोलून राह्यली?" रागाने नाही. नुसतं विचारणं. तिच्या आवाजाबद्दलही तो रागाने बोलला नव्हता. एकदा जेवताना म्हणाला होता, "आज बाजारात एक जण म्हणे, साहेब, तुमच्या मिसेसचा आवाज फारच गोड. आता मी काय म्हणू त्याले? गावभर तुझा आवाज फिरते." अभिषेक तेव्हा रांगत होता. मग ताकाचा पेला ठेवता ठेवता म्हणाला, "सोडून दे आता. काय अडलंय?" इतकं सोपं. ताक संपलं, सोडून दे. आणि तिने चट सोडली. कुणी ओढून नेलं नव्हतं तिला. तिनेच राजीनामा लिहिला, आणि शेवटच्या दिवशी कॉर्डवरचा हात काढताना तिला काहीच वाटलं नव्हतं, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

मग हे आतून कोण बोललं?

ती खुर्चीवर बसली, आणि हळूहळू तिच्या मनात एक विचार पाणी चढतं तसा चढायला लागला. की तो मेला म्हणून आपण सुटलो असं नाही, आपण सुटलो म्हणून तो मेला. सकाळी शाल्मली घरी जा म्हणाली तेव्हा ती किती पटकन निघाली होती. वॉर्डाच्या दारातून वळून पाहिलं तेव्हा कमलाकरने नळीखालून हात जरासा उचलला होता. ये म्हणून की जा म्हणून, तिने पाहिलं नव्हतं. रिक्षात वारा लागत होता. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि घरी येऊन दोन बादल्या पाणी अंगावर घेतलं होतं, एकेक तांब्या सावकाश, कुणी हाक मारणार नाही अशा घरात. बोट उचललं गेलं होतं. बोट उचललं की कार्ड जाऊन बसतं. वेडेपणा, हा वेडेपणा आहे, दोन रात्रींच्या जागरणाचा. पण मांड्यांवर ठेवलेले हात आपले आहेत असं तिला वाटत नव्हतं. तिने मनात कमलाकरला हाक मारली. त्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं, अहो एवढंच. आता अहो म्हणून हाक मारली तर ती कुणाला जाते तेच कळेना. ती झाकणी कुणाच्याच नंबरची नव्हती.

"भाभी, ओ भाभी. कडी काहून लावली दिवसाची?"

जैबुनबी होत्या, भिंतीपलीकडच्या. त्यांचा मुलगा जफर मोटारी दुरुस्त करायचा आणि त्या दिवसभर अंगणात बसून दुलया शिवायच्या. रजनीने कडी काढली. जैबुनबींच्या ओढणीला दोन-तीन सुया टोचलेल्या होत्या आणि हातात झाकलेली वाटी होती.

"थोडी खिचडी आनली. दोन रोज झाले, तुमची चूल पेटल्याचा वास नाही." मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. "काय झालं? भाईसाबचं हाल कसं हाय?"

रजनीने बोलायला तोंड उघडलं. वारले म्हणणं तिला जमलं नाही. सुटी झाली असंही म्हणता आलं नाही. दोन्हींपैकी एक खोटं होतं आणि कोणतं ते ठाऊक नव्हतं. जे लिहिलेलं होतं तेवढंच ती म्हणाली.

"सुटले."

"छुट्टी झाली?" जैबुनबींचा चेहरा उजळला. "या अल्ला, तेरा शुकर. म्या म्हनलं नव्हतं, आठवड्यात घरी येतीन? मंग जफरले सांगतो, गाडी घेऊन जाईन तो. रिक्षात धक्के बसतात..." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. वाटी त्यांनी ओट्यावर ठेवली, रजनीच्या जवळ आल्या, आणि अगदी हळू, जणू मधल्या खोलीत कुणी झोपलं आहे, असं विचारलं, "भाभी. कोनतं सुटले?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हंजे?"

"फोनवर लिहून आलं. कुणी उचलून नाही राह्यलं."

जैबुनबींनी ओढणी डोक्यावर ओढली. त्यातली एक सुई खाली पडली ती दोघींनाही दिसली, पण कुणी उचलली नाही. जैबुनबी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, तिचा हात आपल्या हातात घेतला. त्यांच्या बोटांना शिवण्याने घट्टे पडलेले. "कोनतं बी असो, आपन चालू," त्या म्हणाल्या. "पह्यले पानी प्या." रजनीने मान हलवली. कोणतं सुटले, असं विचारणारी ही जगातली एकटी बाई होती, आणि तिलाही दोनच ठाऊक होती. तिसरं रजनीच्या तोंडात, जिभेखाली होतं. ती पाणी प्यायली तरी ते गेलं नाही. जैबुनबींनी हात धरला होता तो तिला सोडवून घ्यावासा वाटत होता. त्यांना हातातून कळेल, असं वाटत होतं. ताप कळतो तसं.

फोन टेबलावर थरथरला. मिठाच्या बरणीवर त्याचा खडखडाट झाला. रजनी नुसती पाहत राहिली. जैबुनबींनीच तो उचलून तिच्या कानाला लावला.

"आजी? आजी, तू ते पाहिलंस का?" शाल्मली धापा टाकत होती. "अगं, काही नाही, आजोबा ठीक आहेत. ऐकतेयस ना? बाजूच्या पलंगावर बाबुलाल म्हणून एक जण आहेत, त्यांना घरी सोडलं. त्यांचं कार्ड ओढायचं तर सिस्टरचं बोट घसरलं आणि आजोबांचं ओढलं गेलं. माझा फोन तिकडे चार्जिंगला होता, आत्ता बघते तर तुझे इतके कॉल. आजी, बोल ना."

"हं," रजनी म्हणाली.

"माझीच चूक आहे. 'नक्की ना?' असं विचारणारी खिडकी होती आधी, सिस्टरांना कटकट होते म्हणून मी काढून टाकली. पण तू एवढी का घाबरलीस? सुटले म्हणजे घरीच ना?"

"शाल्मली, तो शब्द काढ."

"का?"

"आपल्याकडे माणूस गेला की म्हणतात, सुटले."

शाल्मली अगदी लहान आवाजात म्हणाली, "आणि मी वर फुलं टाकली." तिने विचारलं, "मग काय लिहू?"

"सुटी."

"बाकीच्यांशी जुळत नाही गं ते."

"नाही जुळलं तर राहू दे."

जैबुनबी समोर हातांनी विचारत होत्या, काय, काय. रजनीने मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले, ओंजळ तोंडावरून फिरवली आणि खुर्चीला पाठ टेकली. रजनीला रडू यायला हवं होतं, आणि ते आलं. खरं आलं, घशातून, गरम. तो होता. त्याचा श्वास चालू होता. चारोळी फोडणारे ते हात त्या पलंगावर होते, नळ्यांखाली, गरम. ती पदराने डोळे पुसत होती तेवढ्यात फोनमध्ये खरखर झाली आणि कमलाकरचा आवाज आला, बसका, मध्ये मध्ये हवा कमी पडणारा.

"काय करून राह्यली?"

"काही नाही. लसूण सोलत होते."

"इथला चहा म्हणजे निस्तं गरम पाणी. थर्मासमध्ये आण. आलं जरा ज्यादा टाकजो."

"आणते."

"शाल्मली म्हणते, तू घाबरली होती."

"हो."

"कायले? मी मेलो असं वाटलं?"

तो हसला. हसताना खोकला आला, खोकला बराच वेळ चालला, आणि ती फोन कानाशी घट्ट धरून तो थांबायची वाट पाहत राहिली. थांबल्यावर तो म्हणाला, पन्नास वर्षांत क्वचितच बोलला असेल इतक्या मायेने, "वेडी कुठली. एवढ्यात सोडत नाही मी तुले."

"माहीत आहे," रजनी म्हणाली.

फोन बंद झाला. तिने तो मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला, मग उचलून पालथा ठेवला. उठून गॅसवर आधण ठेवलं, आलं किसलं, साखर टाकली. रजनीने झालेला घोटाळा थोडक्यात सांगितला, आणि जैबुनबी मोकळ्या झाल्या. त्या बाबुलालच्या घरच्यांचं बोलत होत्या. त्या बिचाऱ्यांना अजून काही दिसलंच नसेल, ते अजून वाटच पाहत असतील. मग त्या पोरीला आणि सिस्टरला हसल्या, आणि म्हणाल्या, "मर्दमानसाले चहा सुचला म्हंजे समजा तब्येत ठीक हाय." रजनी हो म्हणत होती. चहा उकळून वर आला. तिने थर्मासचं झाकण काढलं, गाळणी धरली आणि ओतायला लागली. धार थर्मासच्या तोंडात जाईना. ओट्यावर सांडली, ओट्यावरून खाली, तिच्या पायावर. ती ओततच राहिली.

जैबुनबींनी उठून तिचं मनगट धरलं आणि पातेलं काढून घेतलं. पाय भाजला तरी तिने तो मागे घेतला नव्हता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"जिंदा हाय ना भाभी," त्या म्हणाल्या. "मंग आता कायले भेता?"